ओट्यांचा नकाशा

गंगाधरराव, तुमची शोकसभा नगरपालिकेने वरच्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवली होती. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. कठडा एकाच बाजूला, तोही अर्ध्यापर्यंत. तुमच्या वयाची जी माणसं आली होती, त्यांतली बरीचशी खालीच थांबली. त्यांच्यासाठी जिन्याखाली कर्णा लावला होता. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना वर चढता येणार नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. आणि त्यावर उपाय म्हणून त्यांना खाली ठेवून भाषणं ऐकवायची सोय केली होती. या गावाचं नियोजन यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांना आपण सुटलो असं वाटेल.

तीन भाषणं झाली. नगरसेवक म्हणाले, तुम्ही चालतंबोलतं विद्यापीठ होतात. मागच्या महिन्यात एका किराणा दुकानदाराबद्दलही ते हेच म्हणाले होते, आणि त्याआधी एका ठेकेदाराच्या वडिलांबद्दल. गावात विद्यापीठं पटापट मरत आहेत. दुसरं भाषण कुणाचं होतं ते आठवत नाही. वहीतही काही लिहिलेलं नाही. तिसरे बांधकाम विभागाचे साहेब. त्यांचं एक वाक्य मी शब्दशः उतरवून घेतलं आहे: "गंगाधररावांनी स्वतः मोजमाप करून दिल्यामुळे बाजारगल्लीच्या रस्त्याचं रुंदीकरण विनातक्रार पार पडलं. असे जागरूक नागरिक शहराला हवे आहेत."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढंही तिथे कुणाला माहीत नव्हतं.

हे वाक्य कर्ण्यातून खाली गेलं. खाली कौसाबाई उभ्या होत्या. तुमच्या घरापासून तिसऱ्या घरातल्या कौसाबाई, ज्या दोन वर्षं तुमच्याशी बोलल्या नाहीत. तुम्ही त्यांचा ओटा पाडायला लावला, असं त्या दोन वर्षं सांगत होत्या. परवा त्यावर साहेबांनी शिक्का मारून दिला.

तो समज खोटा आहे हे सांगू शकतील अशी दोनच माणसं गावात आहेत, असं मी धरून चाललो होतो. त्यातले एक तुम्ही. तुम्ही गेलात. उरलो मी.

तुमची सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांचे, शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्यांचे, पाण्याखाली येणाऱ्या शेतांचे. निवृत्त झाल्यावर बाजारगल्लीतल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून बसायचात. मी दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो. आठवड्यातून दोनदा तुमच्याकडे यायचो, कारण सरकारी कागद वाचून त्यात काय लिहिलेलं नाही हे सांगणारे गावात तुम्ही एकटे होतात. मी दारात दिसलो की चष्मा कपाळावर चढवायचात. "या पत्रकार. आज कोणाचा वाढदिवस छापून आले?"

मला राग यायचा. बहुतेक वेळा मी खरंच वाढदिवस छापून आलेला असायचो.

नकाशाची सुरुवात वहिनींच्या गुडघ्यांपासून झाली. घर ते सरकारी दवाखाना हे अंतर तुमच्या चालीने बारा मिनिटांचं. वहिनींना चाळीस मिनिटं लागायची. आधी तुम्ही पुढे जाऊन केसपेपर काढून ठेवायचात आणि त्यांना उशीर झाला की चिडायचात. एकदा पायाला लागलं म्हणून तुम्हालाच त्यांच्या चालीने चालावं लागलं, तेव्हा तुमच्या लक्षात आलं की वहिनी दवाखान्यापर्यंत चालत जात नाहीत. त्या एका ओट्यापासून पुढच्या ओट्यापर्यंत जातात. कासाराच्या दुकानाची पायरी, मग कौसाबाईंचा ओटा, मग बंद पडलेल्या तेलघाण्याचा कट्टा, मग मारुतीच्या पाराची कड. प्रत्येक ठिकाणी आधीच कुणीतरी बसलेलं असायचं, ते सरकून जागा द्यायचं.

"पत्रकार," तुम्ही मला म्हणालात, "म्हाताऱ्या माणसाचा रस्ता लांबीनं मोजून उपयोग न्हाई. कुठं टेकायला मिळतं, त्याच्यावर मोजावा लागतो."

मी ते वहीत लिहून घेतलं. छापलं नाही.

त्याच सुमारास शहराचा सुधारित विकास आराखडा जाहीर झाला. नकाशा नगरपालिकेच्या व्हरांड्यात लावला होता, इतका वर की वाचायला स्टूल लागावं. आपण दोघं माना वर करून उभे होतो. गावाच्या चारी कडांची शेतं पिवळी, म्हणजे राहण्याच्या वस्तीची, केली होती. तिकडे डोंगरकडा गावच्या केळीवाल्यांनी आणि पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांनी प्लॉट घेऊन ठेवलेत. प्लॉटवर घर नाही, जिथे घर आहे तिथे माणूस नाही, पण आराखड्यात तिथे लोकसंख्या आहे. जी माणसं खरोखर राहतात ती जुन्या गावात. त्या जुन्या गावाच्या मधून एक जाड लाल रेघ गेली होती. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या चौकात अडकतात, म्हणून बाजारगल्लीचा रस्ता रुंद व्हायचा होता. बाजारगल्लीतल्या बहुतेक घरांत दोन माणसं राहतात, काही घरांत एक. त्यांच्यापैकी कुणाकडेही गाडी नाही. पण नागनाथाला श्रावणात येणारा माणूस घाईत असतो, आणि इथे बारा महिने राहणारा नसतो, असा नगररचनेचा हिशेब.

अहवालात "ज्येष्ठ नागरिक" हे शब्द मी शोधले. एकाच ठिकाणी सापडले: विरंगुळा केंद्र. तेही गावाबाहेरच्या नव्या बगिच्यात, जिथे जायला रिक्षा लागते. हे लिहिणाऱ्यांच्या मते म्हातारपण म्हणजे कंटाळा. दवाखान्यापर्यंत पोचणं, वाटेत लघवीला जायची जागा, रस्ता ओलांडायला लागणारा वेळ, हे म्हातारपणात मोडत नाही. कॅरम मोडतो.

"हरकत घेतो मी," तुम्ही म्हणालात. हरकती व सूचना मागवल्या होत्या. मुदत एका महिन्याची.

पहिला नकाशा तुम्ही मला दाखवला तो सुंदर होता. बाजारगल्लीचा रस्ता शाईने काढलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाल ठिपके. ठिपका म्हणजे टेकायची जागा. एवढंच. खाली दोन ओळींची मागणी: या जागा काढायच्या असतील तर आधी तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या जागा करून द्याव्यात, आणि मगच रुंदीकरण सुरू करावं.

आता मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "हे चित्र आहे. ऑफिसात चित्राला किंमत नाही. प्रत्येक ओट्याला नंबर द्या. कोणाच्या घराला लागून, किती लांब, किती रुंद, नालीच्या पुढे रस्त्यावर किती आलाय, सगळं फूट-इंचात लिहा. पुरावा असा द्या की नाकारताच येऊ नये."

तुम्ही नकाशावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "रस्त्यावर किती आलाय तेबी लिहायचं?"

"तेच तर लिहायचं," मी म्हणालो. "अर्धवट माहिती दिली तर लपवलं म्हणतील."

मला माझ्या धंद्याचा गर्व होता. आकडा असला की बातमी उभी राहते, हे मी तीस वर्षं नव्या बातमीदारांना सांगत आलो. कालव्याचे नकाशे काढणाऱ्या माणसाला मोजमापाचं महत्त्व मी शिकवलं, आणि तुम्ही ते ऐकलंत. तुम्हाला आयुष्यभर कुणीतरी "मोजा" म्हणालं की मोजायची सवय होती. मोजणी कुणाच्या बाजूने वापरली जाईल हे विचारायची सवय तुम्हालाही नव्हती आणि मलाही नव्हती.

आठ दिवस आपण मोजत होतो. टेपचं एक टोक तुमच्याकडे, दुसरं माझ्याकडे. कौसाबाईंचा ओटा गल्लीतला सगळ्यात मोठा. त्यावर त्या सकाळपासून बसलेल्या असायच्या, शेजारी पाण्याचा माठ. दोन्ही लेक पुण्याला. त्यांना माणसं बघायची तर ती ओट्यावरच.

"काहून मोजून राहिले वो?" त्यांनी विचारलं. "कोणाला इकायचा हाय का माझा ओटा?"

"इकत न्हाई, वाचवून राहिलो," तुम्ही म्हणालात.

"वाचवायला टेप लागतो व्हय?"

"सरकारला आकडा लागतो, कौसाबाई. त्याच्याबिगर त्यांना दिसत न्हाई."

"मंग मलाबी मोजा. मीबी न्हाई दिसत त्यांना." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन् ह्यांना काहून आणलं संगं?"

"दुसरं टोक धरायला. तेवढं जमतं त्यांना."

त्या हसल्या. तुम्ही टेप गुंडाळला आणि वहीत लिहिलंत: क्रमांक सतरा, लांबी नऊ फूट, रुंदी चार फूट दोन इंच, नालीपुढे दोन फूट सात इंच. मी शेजारी उभा राहून आकडे पडताळले. बरोबर होते.

एकूण एकेचाळीस क्रमांक झाले. तुम्ही नवा नकाशा काढलात, सोबत तक्ता जोडलात, अर्ज पुन्हा लिहिलात. सुनावणी त्याच वरच्या सभागृहात होती. बावीस पायऱ्या चढून तुम्ही गेलात, वाटेत दोनदा थांबलात. समोर तेच बांधकामाचे साहेब. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बघतच राहिले. "असं काम आमच्या माणसांकडून होत नाही," ते म्हणाले. "याची एक प्रत मिळेल?"

तुम्ही मूळ नकाशाचं ट्रेसिंगच देऊन टाकलंत.

खाली येऊन आपण चहा घेतला. तुम्ही खूश होतात. नोकरीत एवढ्या वर्षांत कुठल्या साहेबाने तुमचा नकाशा पूर्ण बघितला नव्हता, असं म्हणालात. "त्यांनी बराबर वाचला बघा. प्रत्येक नंबर बोट ठेवून वाचला." मीही खूश होतो. दोन शिकलेली माणसं, वयाने पिकलेली, सरकारी कागदांत आयुष्य घालवलेली. साहेब इतक्या काळजीने काय वाचतायत, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

उन्हाळ्यात नोटिसा आल्या. एकेचाळीस. अतिक्रमण हटवण्याबाबत. क्रमांक तुमचेच, क्रमही तोच. लांबी, रुंदी आणि नालीपुढचे इंच तुमच्या तक्त्यातून जसेच्या तसे. तेलघाण्याच्या कट्ट्याला तुम्ही चुकून दोनदा नंबर दिला होता. त्याला नोटिसाही दोन आल्या. आणि प्रत्येक नोटिशीच्या डोक्यावर, सरकारी पत्रावर असतो तसा संदर्भ: श्री. गंगाधरराव अमुक यांनी सादर केलेला नकाशा व तक्ता. तुमची मागणी नोटिशीत नव्हती. अर्जातला तेवढाच भाग त्यांना नको होता.

ज्या गल्लीत कुणी तुमच्या नावापुढे "राव" लावल्याशिवाय बोलत नव्हतं, तिथे तुमचं पूर्ण नाव प्रत्येक घरात टाइप होऊन पोचलं.

जेसीबी आला तेव्हा तुम्ही कौसाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिलात. हातात अर्जाची प्रत होती. "कौसाबाई, हे वाचा, मी काय मागितलं ते वाचा." त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "वाचवून राहिलो म्हणले होते ना? झालं का वाचवून?" आणि आत गेल्या. मी तिथेच होतो. मोहिमेची बातमी घ्यायला आलो होतो.

ती बातमी कशी छापली गेली तेही लिहितो. संध्याकाळी नगरपालिकेचं पत्रक आलं. त्यात एक वाक्य होतं: "एका जागरूक निवृत्त कर्मचाऱ्याने स्वतः अतिक्रमणांची यादी सादर करून प्रशासनाला सहकार्य केले." मी ते वाचलं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. ते काढायचं तर त्याजागी खरं काय ते लिहावं लागलं असतं, आणि खऱ्यात मी होतो. बातमीदाराने स्वतः बातमीत येऊ नये, असा एक नियम आहे. चांगला नियम आहे. त्या संध्याकाळी तो मला फार सोयीचा पडला. मी पत्रकातले दोन शब्द बदलले आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर घडी करून टेबलावर ठेवला होता. "पत्रकार, हे तुमचंच ना?"

"पत्रकावरून दिलंय."

"व्हय, पण पाठवलं तुमी."

"उद्या तुमची बाजू घेतो."

"माझी बाजू कशाला? काय झालं तेवढंच छापा. मी काय मागितलं, त्यांनी काय उचललं. बस."

मी म्हणालो, त्यात आता बातमी काय आहे, ओटे तर गेले. मी म्हणालो, न्यायालयात जाऊ. मी म्हणालो, निवडणुकीच्या तोंडावर विषय काढू. तुम्ही प्रत्येक वेळी "बराबर हाय तुमचं" म्हणालात. हा वाद आपल्यात दोन वर्षं चालला, म्हणजे मी बोलत राहिलो आणि तुम्ही "बराबर" म्हणत राहिलात. शेवटी शेवटी तुम्ही तेही म्हणायचं सोडलंत आणि चहा मागवायला लागलात. त्याला वाद संपला असं म्हणता येत नाही.

रस्ता रुंद झाला. मधे दुभाजक आला, कमरेएवढा उंच, दवाखान्यासमोर फट नसलेला. मी साहेबांना फटीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, फट ठेवली की लोक तिथून ओलांडतात. मी हे उत्तर जसंच्या तसं छापलं. कुणाला हसू आलं नाही, कुणाला रागही आला नाही.

मग बाकं आली. सिमेंटची, नगरसेवकांच्या निधीतून. पाठीवर त्यांचं नाव लाल अक्षरांत. नाव रस्त्यावरून वाचता यावं म्हणून बाकांची पाठ रस्त्याकडे केली आहे. बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे. बाजारगल्लीत अशी चार बाकं आहेत, चारही एकाच ठिकाणी, कारण तिथे फोटो चांगला येतो. मी एकदा अर्धा तास उभा राहून बघितलं. एक म्हातारा आला, बसला, समोरच्या भिंतीवरची रंगकामाची जाहिरात वाचली, उठून गेला.

वहिनींनी दवाखान्यात जाणं सोडलं. रिक्षावाला तेवढ्याशा अंतराला येत नाही, आणि आला तर दुभाजकाला वळसा घालून चौकातून नेतो. आधी महिन्यातून एकदा जायच्या, मग तीन महिन्यांतून, मग पोराला पुण्याहून गोळ्या पाठवायला सांगू लागल्या. तुम्हीही बाहेर पडेनासे झालात. गल्लीतून जायचं म्हणजे नोटीस आलेल्या प्रत्येक दारावरून जायचं होतं. तुम्ही खाली बघून चालायचात. कालव्यांवर चालताना ज्या माणसाची नजर कायम क्षितिजावर असायची, तो आपल्याच गल्लीत पायाखाली बघून चालला, दोन वर्षं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदय लिहिलं आहे. मला त्यावर काही म्हणायचं नाही. माझ्याकडे पुरावा नाही.

तुमच्याकडून मला काय मिळालं तेही नोंदवतो, कारण एवढं सगळं लिहिताना ते राहून जाईल. नोटीस कशी वाचायची, खालून वर. कुठल्या कागदाला जावक क्रमांक नाही ते आधी बघायचं. नकाशावर उत्तर दिशा दाखवली नसेल तर काढणाऱ्याला जागेवर नेऊन उभं करायचं. माझ्या ज्या बातम्यांना कधी कुणी चांगलं म्हटलं, त्या सगळ्या तुमच्या टेबलावर झाल्या आहेत. तुम्ही कधी नाव टाका म्हणाला नाहीत. मी कधी टाकलं नाही.

परवा सभा संपली आणि मी खाली आलो. बाकीचे पांगले होते. कौसाबाई काठी टेकून निघाल्या होत्या. मी त्यांच्यासोबत चालू लागलो. उन्हाची वेळ. त्यांना प्रत्येक पन्नास पावलांवर थांबावं लागत होतं आणि टेकायला काही नव्हतं, म्हणून त्या नुसत्या उभ्या राहायच्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. पहिल्यांदा थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "ऐकलं ना? साहेबच म्हणला. मी दोन साल झाले तेच सांगून राहिले."

मी म्हणालो, "साहेब खोटं बोलला."

"साहेब कशाला खोटं बोलल? मेलेल्या माणसाचं."

दुसऱ्यांदा त्या थांबल्या तेव्हा मी सांगितलं. ठिपक्यांचा पहिला नकाशा, दोन ओळींची मागणी, मोजा म्हणून मी धरलेला हट्ट, ट्रेसिंग कसं दिलं ते, आणि पेपरातलं ते वाक्य. त्या उभ्याच होत्या. दोन टेम्पो गेले, त्यांच्या हॉर्नमध्ये माझं थोडं बोलणं गेलं, ते मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजी," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमी दोघं एवढे शिकलेले, आन् दोघंबी येडे."

"हो."

"आन् पेपरात तुमी लिवलं. गल्लीतल्या मास्तरनं मला वाचून दाखवलं होतं."

"हो."

"त्ये तर येडेपणात न्हाई येत."

पुढची पन्नास पावलं आम्ही चाललो.

तुमच्या घराशी आल्यावर त्या थेट आत गेल्या. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, पाय लांब करून. कौसाबाई त्यांच्यासमोर बसल्या, बसायला बराच वेळ लागला, आणि म्हणाल्या, "बाई, मी तुमच्या मालकाकडं तोंड फिरवलं. ह्यांनी आत्ता सांगितलं. मला ठाऊक नव्हतं."

वहिनी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोजायला तुमी लावलं ते. पेपरातलं बी. समदं सांगितलं होतं त्यांनी. मी म्हणलं, मंग गल्लीत सांगा ना, त्या पत्रकाराचं नाव घ्या. तर म्हणले, नको. त्याला गावात फिरावं लागतं, चार दारात जावं लागतं. मला काय, मला आता घरातच बसायचं हाय."

गंगाधरराव, तुम्ही हे चुकीचं केलंत. तुम्हाला घरात बसायचं नव्हतं. त्या दोन वर्षांत तुम्ही माझ्यावर जे उपकार केलेत, त्यांचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत असं मी लिहिणार नाही, शब्द आहेत. मी निवांत फिरलो. प्रत्येक दारात मला चहा मिळाला. तुमच्या गल्लीतसुद्धा.

कौसाबाई उठल्या. मला म्हणाल्या, "चला."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? तीस-चाळीस घरं हायेत अजून. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी भरमली. तुमच्या तोंडानं सांगा."

वहिनींनी त्यांना थांबवलं नाही. आम्ही शेजारच्या घरापासून सुरुवात केली. पहिल्या घरातल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता काय उपयोग. दुसऱ्या घरातल्या बाईने माझं बोलणं संपायच्या आत दार लावून घेतलं. ते दार तुमच्यासाठी दोन वर्षं बंद होतं, त्यामुळे मला तक्रार करता येत नाही. तिसऱ्या घरात तुमच्याच वयाचे एक गृहस्थ खाटेवर होते, शेजारी त्यांची बायको. मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मोठ्यानं सांगा," कौसाबाई म्हणाल्या. "ह्यांना ऐकू कमी येतं. गल्लीत समद्यांनाच कमी येतं."

मी दारात उभा राहून मोठ्याने सांगितलं.